घरची शिवण : तिचा त्रास आणि तिचें फळ

हव्या त्या मापाचे व हव्या त्या रंगाचे तयार कपडे आज लहानशा गांवाच्या बाजारपेठेंतही मिळतात. अशा काळीं घरीं बसून सुईदोऱ्याशीं झटापट करण्यांत शहाणपण तें काय, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला नुसत्या आवेशानें उत्तर देऊन भागणार नाहीं. शिवणकामाची स्तुति करणारे लोक त्यांतील त्रासाविषयीं बहुधा मौन धरतात; आणि त्रासानें कंटाळून ज्यांनीं यंत्रावर झांकण घातलें, ते त्याच्या फळाविषयीं बोलत नाहींत. आम्ही येथें दोन्ही बाजू मांडणार आहों. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों कीं, घरची शिवण पैसे वांचविण्याचें साधन म्हणून आतां फारशी टिकणार नाहीं. परंतु माणसाला घडविणारें काम म्हणून ती प्रत्येक घरांत राहिली पाहिजे, आणि मुलींच्या इतकीच ती मुलांच्याही हातीं आली पाहिजे.

प्रथम त्रासाचा विचार करूं, कारण नवशिक्याची पहिली गांठ त्याच्याशींच पडते.

नवें कापड घरीं आलें कीं त्याला कातर लावण्यासाठीं हात शिवशिवूं लागतात. परंतु कोरें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, आणि तेंही सर्व बाजूंनीं सारखें आटत नाहीं. ताण्याच्या दिशेनें, म्हणजे लांबींत, तें बहुधा अधिक आटतें. म्हणून जाणता माणूस कापड रात्रभर पाण्यांत भिजवितो, सावलींत वाळवितो, त्यावर इस्तरी फिरवितो, आणि मगच तें बेतावयास घेतो. एवढा धीर ज्याला नाहीं, त्याचा अंगाला नेमका बसलेला सदरा एका धुण्यानंतर धाकट्या भावाचा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत प्रभु येशूनें जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ लावण्याविषयीं जो दृष्टान्त दिला आहे, त्याचें मर्म ज्यानें स्वतः ठिगळ लाविलें आहे त्यास अधिक लवकर कळतें. जुनें वस्त्र आटून स्थिर झालेलें असतें. कोरें ठिगळ मागाहून आटूं लागतें, भोंवतालच्या जीर्ण धाग्यांना ओढतें, आणि भोंक पहिल्यापेक्षां मोठें होतें.

दुसरी अडचण बेतण्याची. शिंपी कापडाच्या कापणीला बेतणें म्हणतो, आणि आपण सर्वजण योजनेला बेत म्हणतों. हे दोन शब्द उगाच एका घरचे नाहींत. छाती, कंबर, खांदा व बाही ह्यांचीं मापें घेणें सोपें. पण सपाट कापडांतून गोल शरीराचें वस्त्र उठविणें अवघड. मुंढा थोडा कमी कोरला तर बगलेंत काचतें. थोडा अधिक कोरला तर हात वर केल्याबरोबर सबंध सदराच वर येतो. बाहीचा माथा मुंढ्याच्या गोलाईपेक्षां किंचित् मोठा ठेवावा लागतो, आणि तो जास्तीचा भाग चुणी न पडूं देतां मुंढ्यांत सामावून घ्यावा लागतो. हें वाक्य वाचावयास सोपें आहे. परंतु ह्याच जागीं पुष्कळांचा उत्साह मावळतो. कित्येकदां तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात, आणि ही गोष्ट बाही टांचून पाहिल्यावर ध्यानांत येते. शिवाय कापडाचा उभा धागा कोणता व आडवा कोणता, हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्याच्या परकराचा घेर एका बाजूस लोंबूं लागतो. कारण तिरपें कापलेलें कापड ताणलें जातें. गळ्याच्या गोलाईला पट्टी लावावयाची असतां मात्र ती मुद्दाम तिरपीच कापावी लागते, म्हणजे ती वळणावर नीट बसते. एके ठिकाणीं जो गुण उपद्रव देतो, तोच दुसऱ्या ठिकाणीं उपयोगी पडतो, हें कापडापासून शिकण्यासारखें आहे.

तिसरी अडचण यंत्राची. दोरा वारंवार तुटतो, टांका सुटतो, कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचें जाळें होऊन बसतें. मग नवशिका यंत्राला नांवें ठेवतो, त्यांत तेल ओततो, दिसेल तो स्क्रू पिळतो. वास्तविक कारण बहुधा क्षुल्लक असतें. सुई उलटी बसविलेली असते, किंवा तिचें टोंक बोथटलेलें असतें, किंवा वरचा दोरा ताण देणाऱ्या दोन तबकड्यांमधून गेलेलाच नसतो. खालच्या बाजूस दोऱ्याचे फांसे दिसले तर वरचा दोरा सैल आहे असें समजावें. वरच्या बाजूस दिसले तर वरचा दोरा फार ओढलेला आहे. पातळ मलमलीस ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडास १४ नंबरची, आणि जाड खादीस १६ नंबरची, एवढें ध्यानांत ठेविलें तरी निम्मे तंटे मिटतात. कापड हातानें ओढूं नये. यंत्राचे दांते तें आपण होऊन पुढें नेतात. ओढलें कीं सुई वांकते, आणि वांकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटून मोडते.

यंत्रानें काम किती हलकें केलें, हें विद्यार्थ्यांनीं एका साध्या गणितानें पाहावें. १६ इंच उंच व १४ इंच रुंद अशी बाजाराची पिशवी तळाशीं घडी घालून शिवावयाची आहे. दोन बाजूंच्या शिवणी मिळून ३२ इंच, आणि तोंडाची दुमड २८ इंच. एकूण ६० इंच शिवण झाली. इंचास १२ टांके धरले तर ७२० टांके होतात. हातानें मिनिटास २० टांके पडतात असें धरल्यास ह्या कामास ३६ मिनिटें लागतील. एलियस हौ ह्या अमेरिकन कारागिरानें ज्या यंत्राचें पेटंट १८४६ सालीं घेतलें, तें मिनिटास सुमारें २५० टांके घालीत असे. त्यावर हेंच काम तीन मिनिटांच्या आंत होई. हौच्या आधीं फ्रान्समध्यें बार्तेलेमी तिमोनिए ह्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें होतें. परंतु आपल्या पोटावर पाय येईल ह्या भीतीनें पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचा कारखाना मोडून टाकला. पुढें १८५१ सालीं आयझॅक सिंगर ह्यानें आपल्या सुधारलेल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि हळूहळू यंत्र घरोघर गेलें. आपल्या देशांत कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्यें १९३० नंतरच्या दशकांत 'उषा' यंत्रें होऊं लागलीं. यंत्रयुगाविषयीं सदैव साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनींही १९२४ सालीं 'यंग इंडिया' पत्रांत शिवणयंत्राला अपवाद मानून त्याची वाखाणणी केली.

पण यंत्रानें टांका लवकर पडतो. बेत लवकर होत नाहीं. तीन मिनिटांच्या शिवणीसाठीं मापणें, आंखणें, कापणें, टांचणें व इस्तरी करणें ह्यांत तासभर जातो. यंत्राच्या वेगावरून जो कामाच्या वेगाचा अंदाज बांधतो, तो निराश झाल्याशिवाय राहत नाहीं. एक पिशवी साधली कीं सुतावरून स्वर्ग गांठून दिवाळीपर्यंत सर्वांचे सदरे घरींच शिवण्याची घोषणा होते. नव्याचे नऊ दिवस संपतात. आणि मग एक बाही लागलेलें पोलकें कपाटाच्या तळाशीं वर्षानुवर्षें पडून राहतें. हें चित्र बहुतेक घरांच्या ओळखीचें आहे.

सर्वांत मोठा त्रास मात्र उसवण्याचा. तासाभराच्या मेहनतीनें घातलेली टीप वांकडी गेली असें दिसतें, आणि ती सारी, एकेक टांका तोडून, कापडाला इजा न होऊं देतां काढावी लागते. लिहिण्यांतील चूक खोडतां येते, गणितांतील चूक पुसतां येते. उसवलेल्या शिवणीचीं भोंकें मात्र कापडावर कांहीं काळ दिसत राहतात. पुष्कळ मुलांचे डोळे ह्या वेळीं भरून येतात, आणि मोठ्यांचाही धीर सुटतो. तथापि आमचें म्हणणें असें कीं, शिवणकामाची खरी शाळा येथेंच सुरू होते. ज्याला उसवतां येतें त्यालाच शिवतां येतें. वांकडी टीप तशीच ठेवून पुढें जाणाऱ्याचा कपडा शेवटीं कोठेंतरी ओढतोच. आणि त्यावेळीं एक शिवण नव्हे, तर चार शिवणी उसवाव्या लागतात.

आतां आनंदाकडे वळूं. तो थोडा आहे असें कोणीं समजूं नये. उशीच्या अभ्र्याच्या तीन बाजू उलट्या शिवून तो सुलटा केला, आणि कोपरे बोटानें बाहेर काढले, म्हणजे आतांपर्यंतचा ओबडधोबड तुकडा एकाएकीं एक वस्तु होतो. हा अनुभव लहान मुलाला जितका नवलाचा वाटतो तितकाच साठीच्या आजीलाही वाटतो. तान्ह्या बाळाचें झबलें हें तर हौशी माणसाचें खरें पारितोषिक होय. तें लहान असतें, एका दुपारीं होतें, त्याला काज-गुंडीची उठाठेव नसते, बंद बांधले कीं काम झालें. आजीच्या जीर्ण सुती लुगड्याचें मऊ दुपटें, चार जुन्या लुगड्यांची धांवदोऱ्यानें भरलेली गोधडी, परकराच्या उरलेल्या कापडाची पिशवी, ह्या वस्तूंना दुकानांत किंमत नसेल. परंतु घरांत त्यांना इतिहास असतो.

ह्याहून मोठा एक आनंद आहे, आणि त्याचा उच्चार क्वचितच होतो. तयार कपडे ठराविक मापांचे असतात. परंतु सर्वच शरीरें ठराविक मापांचीं नसतात. एखाद्या मुलाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षां खालीं असतो. एखाद्या मुलीच्या पायाला आधाराची पट्टी असते, आणि तिला खालून मोकळी विजार लागते. संधिवातानें आखडलेल्या आजीचे हात मागें जात नाहींत. तिला पुढून बंद होणारी, मोठ्या गुंड्यांची चोळी हवी असते. अशा माणसांस बाजार विसरतो. घरांत जर साधी शिवण जाणणारें कोणी असेल, तर तें माणूस त्यांना विसरत नाहीं. ज्या वस्त्रासाठीं दुसऱ्याचें साहाय्य मागावें लागत नाहीं, तें वस्त्र अंगावर चढवितांना वृद्ध माणसाच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें, त्यापुढें सगळ्या उसवणुकीचे कष्ट हलके वाटतात.

येथें पैशाचा प्रश्न निकालांत काढला पाहिजे. कापड, अस्तर, दोरा, गुंड्या ह्यांचा हिशोब केला, आणि त्यांत फुकट गेलेला पहिला तुकडा मिळविला, तर हौशी माणसाचा नवा सदरा तयार सदऱ्यापेक्षां स्वस्त पडतोच असें नाहीं. पुष्कळदां तो महागच पडतो. तेव्हां काटकसरीचें आमिष दाखवून मुलांस शिवण शिकवूं नये. तें आमिष खोटें ठरेल. खरी काटकसर नव्या कपड्यांत नसून जुन्यांत आहे. उसवलेली शिवण त्याच दिवशीं घालणें, गळलेली गुंडी लावणें, झिजलेल्या कोपराला ठिगळ देणें, दादाचा लेंगा बाळूला आंखूड करून देणें, ह्यांनीं कपड्याचें आयुष्य वर्षांनीं वाढतें. शिवणीच्या आंत राखून ठेविलेल्या जास्तीच्या कापडाला आपले शिंपी माया म्हणतात. पोर वाढूं लागलें कीं ही माया सोडून झगा सैल करितां येतो, खालची दुमड उलगडून लांब करितां येतो. तयार कपड्यांत ही माया फार थोडी असते, कारण कारखान्याला कापडाचा प्रत्येक इंच वांचवावयाचा असतो. वाढत्या मुलांचे कपडे माया राखून शिवावेत, हें ज्या कोणाला प्रथम सुचलें त्यानें तो शब्दही बरोबर निवडला.

मग ह्या खटाटोपाचें फळ कोणतें? आमच्या मतें तें तिहेरी आहे.

पहिलें फळ हें कीं, हातून होणाऱ्या कामाविषयीं सचोटी अंगीं येते. कपड्याची सुलटी बाजू लोकांस दिसते. उलटी बाजू शिवणाऱ्यालाच ठाऊक असते. परंतु कपडा टिकतो तो उलट्या बाजूवर. कडा न आवरतां तशाच सोडल्या तर धागे सुटत जातात आणि चार धुण्यांत शिवण उघडी पडते. दिसणाऱ्या बाजूइतकीच न दिसणारी बाजू नीट करावी, हा धडा पाठ्यपुस्तकांतून सांगतां येतो, पण बोटांना शिकवितां येत नाहीं. शिवणकाम तो बोटांना शिकवितें.

दुसरें फळ पारखीचें. ज्यानें एकदां तरी सदरा शिवला आहे, तो दुकानांत कपडा हातीं घेतांच तो उलटा करून पाहतो. टांके इंचास किती आहेत, पट्ट्यांच्या रेषा शिवणीवर जुळल्या आहेत कीं नाहींत, गुंडी दोन धाग्यांवर लोंबत आहे कीं नीट बसविली आहे, हें तो पाहतो. त्याला फसविणें कठीण जातें. तो थोडे कपडे घेतो, पण बरे घेतो.

तिसरें फळ आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. तें म्हणजे दुसऱ्याच्या श्रमाची जाणीव. एका कॉलरसाठीं ज्याची दुपार गेली आहे, त्याला स्वस्त सदऱ्याची किंमत पाहून आनंदाबरोबर एक शंकाही येते कीं, हा सदरा ज्यानें शिवला त्याच्या हातीं काय पडलें असेल? कारखान्यांत कपडे शिवणाऱ्यांचा इतिहास ही शंका खोटी ठरवीत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत २५ मार्च १९११ रोजीं ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, आणि १४६ कामगार प्राणांस मुकले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया व मुली होत्या, आणि बाहेर पडण्याचें एक दार कुलूप लावलेलें होतें. शंभर वर्षांनंतर, २४ एप्रिल २०१३ रोजीं, बांगला देशांत ढाक्याजवळ साभार येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळून तींतील कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारीं अकराशेंहून अधिक माणसें मरण पावलीं. भिंतींना भेगा गेल्याचें आदल्या दिवशींच दिसलें होतें, तरी कामगारांस कामावर बोलाविण्यांत आलें. आपल्याकडे घरीं बसून मजुरीनें शिवणाऱ्या असंख्य स्त्रिया आहेत. अहमदाबादेस इला भट्ट ह्यांनीं १९७२ सालीं स्थापन केलेल्या 'सेवा' ह्या संघटनेनें अशा स्त्रियांस एकत्र आणून त्यांच्या मजुरीचा प्रश्न हातीं घेतला. सुई हातीं न घेतलेल्या माणसाला ह्या बातम्या कानांवरून जातात. सुई हातीं घेतलेल्याला त्या बोटांत टोंचतात. एवढ्यानें जगांतील अन्याय दूर होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण अन्याय ओळखण्यास जी दृष्टि लागते ती येथून मिळते.

आतां एका आक्षेपाचें उत्तर दिलें पाहिजे. शिवणकाम म्हणजे मुलींना पुस्तकापासून दूर ठेवण्याची जुनी युक्ति, असें कित्येक विचारी माणसें म्हणतात. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. इंग्लंडांत १८६२ च्या सरकारी नियमावलीनें अनुदान घेणाऱ्या शाळांतील मुलींस साधें शिवणकाम आवश्यक केलें. मुलांवर तें बंधन नव्हतें. मुलगे गणित करीत असतां मुली दुमडी घालीत बसत, अशी वांटणी अनेक देशांत व अनेक पिढ्या चालली, आणि आपल्या देशांतील मुलींच्या शाळाही तींतून सर्वस्वीं सुटल्या नाहींत. जी सुई मुलीच्या हातांतील लेखणी काढून घेऊन दिली जाते, ती सुई आम्हांसही नको आहे.

परंतु त्याच सुईनें अनेकींस आधारही दिला आहे, हें विसरूं नये. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढें केडगांवीं मुक्तिसदन उभारलें. तेथें निराधार स्त्रियांस लिहिण्यावाचण्याबरोबर स्वतःच्या पायांवर उभें राहतां येईल असे उद्योगही शिकविले जात, आणि त्यांत शिवण होती. रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यास निघालेल्या सेवासदनानेंही विद्या व उद्योग ह्यांची अशीच जोड घातली. त्याहून फार जुनें उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायांत आहे. यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस मरण पावली, तेव्हां गांवच्या विधवा रडत पेत्रापाशीं आल्या, आणि तिनें केलेलीं वस्त्रें त्यांनीं त्यास दाखविलीं. तिच्या भाषणाची वा संपत्तीची आठवण तेथें कोणीं काढली नाहीं. सुई बंधन होते कीं साधन, हें ती कोणत्या भावनेनें व कोणकोणाच्या हातीं दिली जाते ह्यावर अवलंबून आहे.

म्हणूनच आमचा आग्रह आहे कीं, शिवण मुलांसही शिकवावी. हें बायकी काम आहे असें म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं आपल्याच गांवच्या शिंपीआळींत एक फेरी मारावी. तेथें गळ्यांत टेप घालून बसलेले बहुसंख्य पुरुषच दिसतील. संत नामदेवांचा जन्म शिंप्याच्याच कुळांत झाला. पौल प्रेषित तंबू करण्याच्या धंद्यावर आपलें पोट भरीत असे. आणि वैद्यकशास्त्रांतील एक मोठा शोध तर थेट शिवणीच्या वर्गांतून निघाला असें म्हणतां येईल. अलेक्सिस कारेल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें लियाँ शहरांतील एका कुशल कशिदेकार स्त्रीपासून बारीक सुईनें टांके घालण्याची कला शिकून घेतली, तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडण्याची रीत तिच्या साहाय्यानें बसविली, आणि १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आपला मुलगा शस्त्रवैद्य होवो वा न होवो. वसतिगृहांत गेल्यावर गळलेल्या गुंडीसाठीं तो दुसऱ्याचें तोंड पाहणार नाहीं, आणि पुढें आपल्या घरांत 'हें काम तिचें' असें म्हणून हात झटकणार नाहीं, एवढा लाभही थोडा नव्हे.

शाळेनें काय करावें? वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत १९३७ सालीं हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागीं बसविण्याची योजना पुढें आली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना कारागिरांच्या सहवासांत घालवावे असें सुचविलें आहे. कल्पना जुनी असो वा नवी, तिची परीक्षा शेवटीं मुलाच्या हातांत काय आलें ह्यावर होते. आमची मागणी लहान आहे. शाळा सोडण्यापूर्वीं प्रत्येक मुलास व मुलीस पांच गोष्टी याव्यात : गुंडी लावणें, उसवलेली शिवण घालणें, दुमड घालणें, ठिगळ लावणें, आणि एक साधी पिशवी बेतून शिवणें. ह्यासाठीं प्रत्येकास यंत्र लागत नाहीं. सुई, दोरा, कातर आणि आठवड्यास एक तास पुरे. ह्यापुढें ज्यांस गोडी लागेल ते आपल्या वाटेनें जातील.

पालकांसही आमची दोन शब्दांची विनंती आहे. मुलाचा पहिला वांकडा अभ्रा पाहून हंसूं नका. नवशिक्याला सुई टोंचल्याचें दुःख घटकाभर असतें. हंसल्याचें दुःख वर्षभर राहतें, आणि तेवढ्यांत तो सुई कायमची खालीं ठेवतो. दुसरें असें कीं, त्याच्या हातून काम ओढून घेऊन तें स्वतः नीट करून देऊं नका. तुम्हांस पांच मिनिटांत जें साधतें त्याला त्याची दुपार लागेल. ती लागूं द्या. जुनें धोतर, फाटकी चादर, उतरलेलें लुगडें त्याला द्या, म्हणजे कापड वायां जाण्याची भीति राहणार नाहीं. चूक झाली तर कोठें झाली एवढें दाखवा, आणि उसवण्याचें काम त्याच्याकडूनच करवा. घरांतील आजी वा आत्या शिवण जाणत असेल तर मुलाला तिच्याजवळ बसवा. तिच्या बोटांतील विद्या कोणत्याही पुस्तकांत पूर्णपणें उतरलेली नसते, आणि ती विचारणारा कोणी आला म्हणजे तिलाही आपल्या आयुष्याचें मोल पुन्हां वाटूं लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, वार्षिक परीक्षा संपतांच सुटी लागते, आणि सुटींतील दुपारी लांब असतात. ह्या सुटींत घरांतील एका माणसासाठीं, ज्याला बाजारांत नीट बसणारें वस्त्र मिळत नाहीं अशा माणसासाठीं मिळाल्यास फारच उत्तम, एक लहानशी वस्तु स्वतःच्या हातानें शिवा. ती एकदां, दोनदां, कदाचित् तीनदां उसवावी लागेल. तशी उसवा आणि पुन्हां शिवा. मग ती ज्याच्यासाठीं केली त्याला वापरावयास द्या, आणि ती त्याच्या उपयोगीं पडते कीं नाहीं एवढेंच पाहा. घरच्या शिवणीविषयीं आम्हीं येथें जें लिहिलें आहे, त्याचा खरेंखोटेंपणा तुम्हांस तेवढ्यावरून ठरवितां येईल.